सिलिंडरमध्ये किती उरलंय? काटा कुठे खरं सांगतो आणि कुठे नाही

शिसपेन्सिल | धागाकर्ता

ऑक्सिजनच्या सिलिंडरवरचा दाबाचा काटा १५० वरून ७५ वर आला, की निम्मा ऑक्सिजन वापरून झाला असं खुशाल समजावं. स्वयंपाकघरातल्या गॅसच्या टाकीला तसाच काटा बसवला, तर त्यावरून काहीच कळणार नाही. टाकी आजच आलेली असो की शेवटच्या दोन-तीन किलोंवर, काटा जवळपास त्याच जागी. आणि मग एक दिवस झपाट्याने शून्याकडे.

दोन्ही टाक्या पोलादी, दोन्हींतल्या मालाला आपण गॅसच म्हणतो. फरक आहे तो आतला पदार्थ कोणत्या अवस्थेत आहे याचा. ऑक्सिजनच्या सिलिंडरमध्ये तळापासून तोंडापर्यंत नुसता वायू कोंबलेला असतो. घरच्या टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण द्रव होऊन खाली बसलेलं असतं आणि वरच्या मोकळ्या जागेत त्याची वाफ. ३३.३ लिटरच्या टाकीत १४.२ किलो भरतात, म्हणजे साधारण २६ लिटर द्रव. बाकीची जागा मुद्दाम मोकळी सोडलेली असते, कारण उन्हाळ्यात हा द्रव बराच प्रसरण पावतो आणि द्रव काही दाबला जात नाही.

मी रुग्णालयांत वायूंच्या पाइपलाइनी बसवण्याचं आणि त्यांच्या देखभालीचं काम करतो. २०२१ च्या करोना लाटेनंतर घरी ऑक्सिजन लावून राहणारे रुग्ण बरेच दिसतात, आणि त्यांच्या घरच्यांना सिलिंडर देताना काटा कसा वाचायचा हे सांगायला कुणाला वेळ नसतो. मग ही माणसं रात्र-रात्र काट्याकडे बघत बसतात. खरं तर तिसरी-चौथीचा गुणाकार आला तरी पुरतं.

घरी येणारा मध्यम सिलिंडर बहुतेक वेळा १० लिटरचा असतो. म्हणजे त्यात पाणी भरलं तर १० लिटर मावेल. काटा १५० किलोवर (वजन नव्हे, चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाब) असला तर १० गुणिले १५०, म्हणजे १५०० लिटर ऑक्सिजन बाहेर मिळणार. रुग्णालयातल्या उंच जंबो सिलिंडरची क्षमता ४६.७ लिटर, म्हणून तो भरलेला असताना सुमारे ७००० लिटर. मिनिटाला किती लिटर लावलाय त्याने भागा, मिनिटं हातात. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलेला नियम इथे थेट माणसाच्या उशाशी कामाला येतो: तापमान तेच असेल तर दाब गुणिले आकारमान कायम.

ही सोय ऑक्सिजनला आहे, एलपीजीला नाही, कार्बन डायऑक्साइडला नाही, भूल देताना वापरतात त्या नायट्रस ऑक्साइडलाही नाही. तुमच्या कामात, घरात, प्रवासात अशा टाक्यांशी संबंध येत असेल तर इथे लिहा. कोणत्या टाकीचा काटा खरा आणि कोणत्या टाकीला तराजूच हवा, हे एका जागी गोळा झालं तर बऱ्याच जणांना उपयोग होईल.

---

हिरवाचाफा

फार गरजेचा धागा. आमच्याकडे सासूबाई ओलं फडकं टाकीभोवती फिरवतात आणि दोन-तीन मिनिटं थांबतात. वरचा भाग लवकर सुकतो, खालचा ओला राहतो, आणि जिथे रेघ दिसते तिथवर गॅस आहे असं त्या सांगतात. त्या रेघेवरूनच नंबर लावायचा की नाही ते ठरतं. हे बरोबर आहे का? पावसाळ्यात तर फडक्याचीही गरज पडत नाही, स्वयंपाक चालू असताना टाकीला खालून घाम फुटतो आणि तो एका उंचीवर थांबतो.

---

शिसपेन्सिल

अगदी बरोबर आहे, आणि घरगुती उपायांत हा सगळ्यांत चांगला. आपण शेगडी पेटवतो तेव्हा वरची वाफ निघून जाते आणि तेवढीच वाफ खालच्या द्रवातून तयार होते. बाष्प व्हायला उष्णता लागते, ती द्रव स्वतःतून आणि टाकीच्या पत्र्यातून काढून घेतो. त्यामुळे जिथवर द्रव टेकलाय तिथवरचा पत्रा गार राहतो. वर नुसती वाफ आहे, तिथला पत्रा खोलीच्या हवेने चटकन पूर्ववत होतो. गार भागावरचं पाणी हळू वाळतं, वरचं लवकर. पावसाळ्यात हवा दमट असते म्हणून गार पत्र्यावर आपोआप दव साचतं. ती रेघ म्हणजे आतल्या द्रवाची पातळी.

एकच लक्षात ठेवा: शेगडी थोडा वेळ चालू असताना किंवा नुकती बंद केल्यावर बघा. रात्रभर बंद असलेल्या टाकीत सगळं एकाच तापमानाला आलेलं असतं, तेव्हा रेघ पुसट येते.

---

अणुरेणू११

मी अकरावीत आहे. आम्हाला पीव्ही = एनआरटी शिकवलंय, म्हणजे दाब गुणिले आकारमान = मोल (वायूतल्या रेणूंचं माप) गुणिले एक स्थिरांक गुणिले तापमान. आकारमान तेच, तापमान तेच, आणि वायू बाहेर गेला तर मोल कमी झाले, मग दाब कमी व्हायलाच पाहिजे ना? एलपीजीच्या टाकीत तो तसाच राहतो म्हणजे समीकरण तिथे चालत नाही का?

---

स्थिरबिंदू

प्रश्न उत्तम विचारलास. समीकरण चालतं, पण ते फक्त वरच्या वाफेला लावायचं असतं, आणि त्या वाफेतले मोल कमी होतच नाहीत.

द्रवाच्या पृष्ठभागावरून रेणू सतत वर उडत असतात आणि वाफेतले रेणू सतत परत येत असतात. उडणारे आणि परतणारे सारखे झाले की दाब स्थिरावतो. तू शेगडी उघडलीस, थोडे रेणू बाहेर गेले, परतणाऱ्यांची संख्या घटली. उडणारे मात्र तेवढेच आहेत, कारण ते द्रवाच्या तापमानावर ठरतं. मग तूट भरून निघते आणि दाब पुन्हा पहिल्यासारखा. खाली २० लिटर द्रव असो की अर्धा लिटर, या हिशेबाला काही फरक पडत नाही. द्रवाचा शेवटचा थेंब संपला की मग तुझं समीकरण जसं तू लिहिलंस तसं दिसायला लागतं: मोल कमी, दाब कमी.

थोडी पुस्ती जोडतो. आपल्या टाकीत एक पदार्थ नाही, मिश्रण आहे. प्रोपेन −४२ अंशांना उकळतो, ब्युटेन −०.५ अंशाला. प्रोपेन जास्त उडतो म्हणून तो आधी संपत जातो आणि दाब हळूहळू उतरतो. पण रेग्युलेटर पुढे शेगडीला अगदी थोडा दाब देतो, चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० ग्रॅम, म्हणून ज्योतीवर तो उतार जाणवत नाही.

खरा गमतीचा प्रश्न याच्या पुढचा आहे. ऑक्सिजन १५० पट दाबूनही द्रव का होत नाही, आणि प्रोपेन आठ-दहा पट दाबातच का होतो? एकोणिसाव्या शतकातल्या माणसांना या प्रश्नाने फार छळलं. मायकेल फॅरेडेने १८२३ मध्ये बंद काचनळीत क्लोरीन द्रव करून दाखवला, पुढे आणखी बरेच वायू द्रव केले. पण ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड हे सहा बधेनात. लोकांनी दाब वाढवत नेला, हजारो पट केला. काही नाही. शेवटी त्यांना 'कायम वायू' असं नाव पडलं.

उत्तराचा धागा फ्रान्समध्ये आधीच सापडला होता. शार्ल कान्यार द ला तूर या गृहस्थाने १८२२ मध्ये बंदुकीच्या नळीचा तुकडा घेतला, त्यात द्रव आणि गारगोटीची एक गोळी घातली, तोंडं बंद केली आणि नळी तापवत हलवत राहिला. आत बघायची सोय नव्हती, म्हणून तो ऐकत होता. द्रव आहे तोवर गोळी त्यातून जाताना एक आवाज येई. एका ठरावीक तापमानापुढे तो आवाज बदलला. आत द्रवाचा पृष्ठभागच राहिला नव्हता.

बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूजने हेच कार्बन डायऑक्साइड घेऊन काचनळीत डोळ्यांदेखत केलं आणि १८६९ मध्ये मांडलं. खाली द्रव, वर वाफ, मध्ये स्पष्ट रेघ. तापमान ३१ अंशांकडे जायला लागलं की रेघेची वक्रता जाते, ती सपाट होते, मग फिकट, आणि मग नाहीशी. नळीत नुसत्या हलत्या रेषा दिसत राहतात. त्यानंतर कितीही दाबा, रेघ परत येत नाही. या तापमानाला क्रांतिक तापमान म्हणतात. त्याच्या वर त्या वायूला दाबाने द्रव करता येत नाही, आधी थंडच करावं लागतं.

आता आकडे बघ. ऑक्सिजनचं क्रांतिक तापमान −११८.६ अंश, मिथेनचं −८२.६. आपल्या खोलीत ते कितीही दाबले तरी वायूच. प्रोपेनचं ९६.७ आणि ब्युटेनचं १५२, म्हणून ते खोलीच्या तापमानाला सहज द्रव होतात. कार्बन डायऑक्साइड ३१ आणि नायट्रस ऑक्साइड ३६.४, म्हणजे अगदी आपल्या हवामानाच्या उंबरठ्यावर. धागाकर्त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर या एका आकड्यात आहे: क्रांतिक तापमान खोलीच्या खाली असेल तर काटा खरं सांगतो, वर असेल तर तराजू आणा.

बाकी, 'कायम वायूं'पैकी ऑक्सिजन डिसेंबर १८७७ मध्ये कायते आणि पिक्ते या दोघांनी स्वतंत्रपणे द्रव करून दाखवला. थंड करून.

---

अणुरेणू११

सर, हे पुस्तकात दोन ओळींत होतं. आता तिथला आलेख बघितला तर कळतोय. धन्यवाद!

---

तीनचाकी

नमस्कार. मी रिक्षा चालवतो, ठाण्यात. सीएनजीचा काटा खरा हे आम्हाला अनुभवाने माहीत आहे, कारण जेवढं चालवलं तेवढा उतरतो. पण एक गोष्ट कुणी समजावत नाही. उन्हाळ्यात दुपारी रांगेत उभं राहून २०० भरून घेतो. घरी जाऊन जेवून येतो तर १८०. गळती नाही, साबणाचं पाणी लावून पाहिलं. पंपावरच्या मुलाशी भांडण होतं, तो म्हणतो मी २०० च दिला. दोघंही खोटं बोलत नाही मग गॅस जातो कुठे?

---

शिसपेन्सिल

दादा, गॅस कुठेच जात नाही. भरताना तो तापलेला असतो.

पंपावर गॅस जोरात आत येतो, आधी आत असलेला गॅस दाबला जातो, आणि दाबला गेलेला वायू तापतो. दोन-तीन मिनिटांत बाहेर उष्णता जायला वेळ मिळत नाही. समजा भरून झाल्यावर आतला गॅस ६० अंशांवर आहे आणि नंतर तो ३० अंशांवर येतो. हिशेब केल्व्हिनमध्ये करायचा, म्हणजे २७३ मिळवायचे: ३३३ आणि ३०३. २०० गुणिले ३०३ भागिले ३३३, उत्तर येतं १८२. तुमचा आकडा जवळपास हाच आहे. पंपावरचा मुलगाही खरा आणि तुम्हीही खरे. पैसे मात्र किलोवर घेतले जातात, म्हणून तुमचं नुकसान पैशाचं होत नाही. टाकी पूर्ण भरत नाही आणि रांगेत लवकर परत यावं लागतं, नुकसान ते. पहाटे किंवा रात्री उशिरा, टाकी गार असताना भरलं तर थोडा जास्त बसतो.

आणखी एक. सीएनजी मुख्यतः मिथेन आहे आणि २०० बारला (एक बार म्हणजे साधारण भोवतालच्या हवेएवढा दाब) तो बॉइलच्या नियमाने सांगितलेल्या मापापेक्षा पंधरा-वीस टक्के जास्त मावतो, कारण एवढ्या दाटीत रेणू एकमेकांना ओढून धरतात. योहानेस व्हॅन डेर वाल्सने १८७३ मध्ये आपल्या प्रबंधात या ओढीचा आणि रेणूंच्या स्वतःच्या आकारमानाचा हिशेब समीकरणात आणला. १९१० चं नोबेल त्यासाठी. तुमच्या टाकीत त्याचा फायदा रोज होतो.

---

तीनचाकी

म्हणजे भांडण फुकट होतं. उद्या त्या पोराला चहा पाजतो आणि हे वाचून दाखवतो. आभारी आहे साहेब.

---

संत्रानगरी

मी बुटीबोरीला कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. आमच्याकडे दोन प्रकारची अग्निशामकं आहेत. पावडरवाल्याला काटा असतो, हिरव्या पट्ट्यात आहे का एवढं बघायचं. पावडर बाहेर ढकलायला त्यात नायट्रोजन भरलेला असतो, आणि नायट्रोजन वायूच राहतो, म्हणून काटा विश्वासाचा. विजेच्या पॅनेलजवळ कार्बन डायऑक्साइडवाली असतात. त्यांना काटाच नसतो. नवी माणसं दरवेळी विचारतात की याला मीटर का बसवला नाही. कारण वर आलंच आहे. आत द्रव आहे, काटा अर्धं रिकामं झालेलंही भरलेलं दाखवेल. ही आम्ही वजन करूनच तपासतो. रिकामं वजन आणि भरलेलं वजन अंगावर कोरलेलं असतं, आणि आतला वायू १० टक्क्यांहून जास्त घटला असेल तर पुन्हा भरायला पाठवतो.

आता आमच्या मे महिन्याचं सांगते. सावलीत ४५ अंश. स्थिरबिंदू सरांनी ३१ अंशांचं सांगितलं ना, म्हणजे त्या दिवसांत आमच्या भिंतीवरच्या सिलिंडरांत ना द्रव असतो ना वेगळी वाफ, एकच काहीतरी दाट असतं. २० अंशांना ५७ बार असलेला दाब तेव्हा शंभर बारच्या वर गेलेला असतो. म्हणून ही उन्हात, बॉयलरजवळ किंवा पत्र्याच्या शेडखाली टांगू नका. हे लिहून-लिहून माझे तपासणी अहवाल भरलेत, तरी दर उन्हाळ्यात एखादं पत्र्याला चिकटून लटकलेलं सापडतंच.

दुसरं, वापरताना नळीच्या टोकाचा काळा कर्णा उघड्या हाताने धरू नका. द्रव बाहेर येताच एवढा थंड होतो की त्यातल्या काहीचा बर्फ बनतो, −७८.५ अंशांचा. तो वितळत नाही, सरळ हवेत उडून जातो. सरावाच्या वेळी कर्ण्याच्या तोंडावर पांढरा भुगा साचलेला दिसतो, तो हाच. कातडीला लागला तर भाजल्यासारखी जखम होते.

---

स्थिरबिंदू

संत्रानगरी, फार चांगली माहिती. अणुरेणू, तू हे लिहून घे. एकाच पदार्थाच्या तिन्ही अवस्था एका मिनिटात: सिलिंडरमध्ये द्रव, हवेत वायू, कर्ण्यावर स्थायू. ५.२ बारच्या खाली कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहूच शकत नाही, म्हणून उघड्यावर त्याचं डबकं कधी दिसत नाही.

---

माचीवरचा

हिमालयात जाणाऱ्यांसाठी. छोट्या कॅनिस्टरवर चालणारे स्टोव्ह नेता तेव्हा आत काय आहे ते वाचून घ्या. नुसता ब्युटेन असेल तर शून्याच्या खाली तो द्रवच बसून राहतो, कॅनिस्टर हलवला तर खळखळ वाजतो आणि ज्योत मात्र नाही. आयसोब्युटेन −११.७ पर्यंत चालतो, प्रोपेनचं मिश्रण त्याहून खाली. उंचीवर बाहेरचा दाब कमी असल्याने थोडी सूट मिळते: ५००० मीटरवर ब्युटेनही साधारण −१५ च्या आसपास उकळायला लागतो. कॅनिस्टर रात्री झोपण्याच्या पिशवीत घेऊन झोपतात ते यासाठीच. आणि मिश्रणातला प्रोपेन आधी निघून जातो, त्यामुळे पहिल्या दिवशी जोरात चाललेला कॅनिस्टर शेवटी-शेवटी पहाटे मान टाकतो. शेवटच्या मुक्कामासाठी नवा राखून ठेवा.

---

दूरदेशी

मिनेसोटात राहते. इथे गावाबाहेरच्या घरांना अंगणात मोठ्या आडव्या टाक्या असतात, त्यात प्रोपेनच. −३० च्या रात्रीही घर गरम होतं. नाशिकच्या घरची टाकी इथे आणून अंगणात ठेवली तर त्यातला ब्युटेन नुसता पडून राहील, हे आज समजलं.

---

पंगत

आमचा केटरिंगचा धंदा आहे. थंडीत पहाटे जिलेबीची कढई लावली की तासाभरात टाकी खालून पांढरी पडते आणि भट्टी बसते. टाकीत माल आहे हे हलवून कळतं. मग आमचे आचारी टाकी आडवी करतात, नाहीतर घमेल्यात गरम पाणी ओतून त्यात उभी करतात. ज्योत लगेच वर येते. कुणी म्हणतं चालतं, कुणी म्हणतं धोक्याचं. एकदा स्पष्ट सांगा.

---

शिसपेन्सिल

स्पष्ट सांगतो: दोन्ही करू नका. आचाऱ्यांना हा प्रतिसाद वाचून दाखवा.

आधी ज्योत का बसते ते. १ किलो द्रवाचं बाष्प व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात १ लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीच्या जवळ येईल. ती सगळी टाकीला भोवतालच्या हवेतून पत्र्यामार्फत ओढावी लागते. ताशी १ किलो खाणारी भट्टी असेल तर सतत सुमारे १०० वॅट. घरच्या शेगडीला याच्या कितीतरी कमी लागते, म्हणून घरी त्रास होत नाही. तुम्ही एका टाकीवर दोन-तीन भट्ट्या जोडता, हवा १२-१४ अंशांची, उष्णता येण्याचा वेग पुरत नाही, द्रव गार होत जातो, त्याचा दाब उतरतो, बाहेर हिम धरतं. माल संपलेला नाही, तो उडायला उष्णता मिळत नाही.

आडवी केल्यावर ज्योत का वाढते? कारण आता वाफेऐवजी द्रवच नळीत येतो. १ लिटर द्रवाची सुमारे २५० लिटर वाफ होते. रेग्युलेटर वाफेसाठी बनवलेला आहे, द्रवासाठी नाही. तो द्रव नळीत किंवा बर्नरशी येऊन फुलला की ज्योत पुरुषभर उंच उठते, आणि तिथे कढईत उकळतं तूप आहे. गरम पाण्याचं सांगायचं तर, पाणी किती गरम आहे हे घाईत कुणी बघत नाही. भरलेल्या टाकीतला द्रव तापून वाढत गेला आणि वरची मोकळी जागा संपली, की पुढच्या प्रत्येक अंशाला दाब प्रचंड चढतो.

उपाय सोपा आहे. एका टाकीकडून काम काढण्याऐवजी तीन-चार टाक्या मॅनिफोल्डला, म्हणजे एका सामाईक नळीला, एकत्र जोडा. प्रत्येकीवरचा भार वाटला जातो, पत्रा जास्त मिळतो, हिम धरत नाही. मांडवाच्या कामासाठी १९ किलोच्या टाक्यांचं असं मॅनिफोल्ड अधिकृत वितरकाकडून बसवून मिळतं. शेडखाली कोंदट जागी टाक्या ठेवू नका. ही वाफ हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असते, ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात, गटारात साचून राहते. हवेत २ टक्क्यांच्या आसपास झाली तरी ठिणगी पुरते. वास आला तर दिव्याचं बटण चालू करू नका आणि बंदही करू नका, दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर काढून टाकीला टोपी लावा आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा.

---

पंगत

वाचून दाखवलं. मॅनिफोल्डची चौकशी आजच करतो. आमचे मोठे आचारी पंचवीस वर्षं आडवी टाकी करत आलेत, ते ऐकून गप्प बसले.

---

बोरूबहाद्दर

यात वजनाबद्दल जोडतो. टाकी दारात येते तेव्हा डिलिव्हरीवाल्याकडे वजनकाटा असायला हवा आणि वजन करून मागणं हा आपला हक्क आहे. टाकीच्या वरच्या कड्याखाली ज्या उभ्या पट्ट्या असतात त्यांच्यावर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं, साधारण १५-१६ किलो. त्यात १४.२ मिळवा. प्रत्येक टाकीचा आकडा वेगळा असतो, म्हणून अंदाजाने ३० म्हणू नका. त्याच पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी अक्षर आणि वर्ष असतं, उदाहरणार्थ बी २८. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, असं पुढे. ती टाकीच्या पुढच्या चाचणीची मुदत. ती उलटून गेलेली टाकी घेऊ नका, परत पाठवा. माझ्याकडे एकदा मुदत संपलेली आली होती, मी घेतली नाही, दुसऱ्या दिवशी बदलून मिळाली.

---

केळीचंपान

ऑक्सिजनचा विषय निघालाय म्हणून विचारते. मोठ्या रुग्णालयांबाहेर पांढऱ्या उंच टाक्या असतात, त्यात द्रव ऑक्सिजन असतो म्हणतात. मग ऑक्सिजन द्रव होत नाही हे कसं?

---

शिसपेन्सिल

खोलीच्या तापमानाला होत नाही. त्या टाकीत तो −१८३ अंशांच्या आसपास असतो. दुहेरी भिंतीची टाकी, दोन भिंतींमध्ये निर्वात, त्यामुळे बाहेरची उष्णता आत जवळजवळ जात नाही. तरी थोडी जातेच आणि थोडा ऑक्सिजन सतत उडत राहतो. तो रुग्णालयाला वापरायला मिळतो. १ लिटर द्रवाचा साधारण ८५० लिटर वायू होतो, त्यामुळे एका टाकीत शेकडो जंबो सिलिंडर मावतात. इथेही दाबाच्या काट्यावरून साठा कळत नाही. टाकीच्या तळाच्या आणि वरच्या दाबातला फरक मोजणारं वेगळं मीटर असतं, द्रवाच्या उंचीवरून ते साठा सांगतं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या लाटेत ऑक्सिजन कमी पडला तेव्हा, हे सगळं देशाने बघितलं. १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढवून विशाखापट्टणमला निघाले, तिथल्या पोलाद कारखान्यातून द्रव ऑक्सिजन भरून नागपूर आणि नाशिकला आले. बोगदे आणि वरच्या विजेच्या तारा यांच्याखालून बसेल अशाच उंचीचे टँकर निवडावे लागले. सिलिंडर भरून पाठवले असते तर तेवढ्याच ऑक्सिजनसाठी लोखंडाचं वजनच कितीतरी पट झालं असतं. ज्यांनी हे जमवून आणलं त्या माणसांबद्दल माझ्या मनात फार आदर आहे.

अशा टाकीतून गळती झाली की पांढरे ढग दिसतात. ऑक्सिजन वायू रंगहीन असतो. ढग असतो तो हवेतल्या बाष्पाचा, थंडीने गोठलेला. आणि त्या ढगात कुणी शिरू नये: तिथे ऑक्सिजन इतका दाट असतो की कपड्यांनी ठिणगी पकडली तर विझत नाही.

---

दुर्वा

माझ्या वडिलांना डॉक्टरांनी घरी मिनिटाला २ लिटर लावायला सांगितलंय. हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र आहे, पण वीज गेली की सिलिंडर लागतो. १० लिटरचा आहे. आत्ता काटा ४० वर आहे. दुकानदार म्हणतो अजून खूप आहे. किती वेळ जाईल?

---

शिसपेन्सिल

ताई, १० गुणिले ४० म्हणजे ४०० लिटर. काटा १० च्या खाली जाऊ द्यायचा नाही, म्हणून १०० वजा करा. उरले ३००. भागिले २, म्हणजे १५० मिनिटं, अडीच तास. 'अजून खूप' यावर अवलंबून राहू नका, दुसरा सिलिंडर आजच मागवा. यापुढे काटा ५० ला आला की फोन करायचा असं ठरवून टाका. लिटरचं प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू किंवा कमी करू नका. फ्लोमीटरमधली (मिनिटाला किती लिटर जातोय ते दाखवणाऱ्या नळीतली) गोळी वाचताना तिच्या मधोमध बघायचं.

नवा जोडताना व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा. झटक्याने उघडला तर रेग्युलेटरमधला वायू एकदम दाबला जाऊन तापतो, तीनचाकी दादांच्या सीएनजीसारखाच, फक्त इथे शुद्ध ऑक्सिजन आहे आणि त्यात तेलकट काही असेल तर ते भडकतं. म्हणूनच व्हॉल्व्ह घट्ट वाटला तरी तेल, ग्रीस, व्हॅसलिन काहीही लावायचं नाही, आणि तेलाच्या हातांनी धरायचाही नाही. जवळ निरांजन, उदबत्ती नको.

नवा सिलिंडर पहाटेच्या थंडीत १४० दाखवत असेल तर कमी भरलाय असं लगेच समजू नका. ३० अंशांना १५० असलेला १० अंशांना १४० च दाखवतो.

---

दुर्वा

दुसरा सिलिंडर संध्याकाळी येतोय. तुमच्या हिशेबाने कागद करून सिलिंडरवर चिकटवलाय, २ लिटरसाठी: १५० ला ११ तास ४० मिनिटं, १०० ला साडेसात तास, ५० ला ३ तास २० मिनिटं, ४० ला अडीच तास. एकदा तपासून द्याल का? आई आणि भाऊ दोघांनाही दाखवायचा आहे.

---

शिसपेन्सिल

चारही बरोबर आहेत. खाली दुकानदाराचा आणि डॉक्टरांचा नंबर लिहा, आणि '५० ला फोन' हे मोठ्या अक्षरात.